कोणाला किती इंटरनेट : खानदेशातल्या संस्थांचे युजर गट आणि वापरधोरणे

महाविद्यालयाच्या वाय-फायला मोबाइल जोडला की लॉगिनचे पान उघडते. आयडी-पासवर्ड टाकला की नेट सुरू होते आणि विद्यार्थ्याच्या लेखी गोष्ट तिथेच संपते. नेटवर्कच्या लेखी मात्र त्याच क्षणी त्याची रवानगी एका गटात झालेली असते. ‘प्रथम वर्ष’, ‘वसतिगृह’, ‘शिक्षक’, ‘कार्यालय’, ‘पाहुणे’ अशी या गटांची नावे असतात. कोणत्या साइट उघडतील, दिवसाला किती डेटा मिळेल, रात्री किती वाजता जोडणी तुटेल आणि त्याने काय पाहिले याची नोंद किती दिवस राहील, हे सगळे त्या एका नावावरून ठरते.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हा प्रश्न एका ठिकाणचा नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालये, दोन्ही जिल्ह्यांतली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, बांभोरी आणि शिरपूरची अभियांत्रिकी संकुले, नागरी सहकारी बँका, जिल्हा परिषदेच्या शाळा, तहसील कार्यालये या प्रत्येकाला तो वेगळ्या रूपात भेटतो. बँकेला शिस्त हवी असते, संशोधकाला मोकळीक, वसतिगृहाच्या रेक्टरला शांत रात्र. यंत्रणा मात्र सगळ्यांची जवळजवळ एकच आहे. वाद आहे तो ती कशासाठी आणि किती वापरायची यावर.

यंत्रणा कशी चालते

या व्यवस्थेचे चार भाग आहेत : माणसाची ओळख पटवणे, त्याला गटात टाकणे, गटाला नियम लावणे आणि झालेल्या वापराची नोंद ठेवणे. यांतला गट हा जुना. १९७० च्या दशकात रुळलेल्या युनिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलसाठी मालक, गट आणि इतर असे तीन दर्जे होते. ज्याला जेवढे लागते तेवढेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये नीट मांडले. १९९२ मध्ये फेराइओलो आणि कुन यांनी पुढचे पाऊल टाकले. अधिकार माणसाला न देता भूमिकेला द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. लेखापाल बदलला तरी लेखापालाचे अधिकार तेच राहतात. फक्त त्या भूमिकेत बसलेले नाव बदलते. विंडोज २००० बरोबर आलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीने ही कल्पना साध्या कार्यालयांपर्यंत पोचवली.

नियमांचे गणित वरवर सोपे दिसते, पण क्रमाला महत्त्व असते. १९९६ पासून वापरात असलेल्या स्क्विड या मोफत प्रॉक्सीत नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडणारा नियम अंतिम ठरतो. ‘सर्वांना बंद’ ही ओळ ‘शिक्षकांना चालू’ या ओळीच्या वर राहिली तर शिक्षकांनाही बंद. ‘साइट ब्लॉक आहे’ अशा तक्रारींमागे धोरण नसते, अशी चुकीच्या जागी पडलेली एखादी ओळ असते, असे कितीदा तरी निघते.

भारतातल्या महाविद्यालयांत ही कल्पना पसरवण्यात अहमदाबादच्या सायबरोम या फायरवॉलचा मोठा वाटा आहे. नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकात सात थर शिकवतात. सायबरोमने वापरणाऱ्या माणसालाच आठवा थर म्हटले आणि नियम संगणकाच्या पत्त्याला न लावता नावाला लावण्याची सोय दिली. २०१४ मध्ये ही कंपनी ब्रिटनच्या सोफोसने घेतली, तरी आजही जुन्या प्राध्यापकांच्या तोंडी ‘सायबरोमला लॉगिन करा’ असेच असते. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही ते मायक्रोटिकच्या राउटरवर हॉटस्पॉट चालवतात किंवा पीएफसेन्स बसवतात. एक्सेलमधली प्रवेशयादी जूनमध्ये फायरवॉलमध्ये चढवायची, एवढेच अनेक ठिकाणचे गट-व्यवस्थापन असते. ती यादी उतरवायची कधी, या प्रश्नाकडे पुढे येऊ.

आधी टंचाई होती

वापरधोरणांचा जन्म नीतिमत्तेतून झाला असा समज आहे. तो पैशांतून झाला. अमेरिकेतल्या एनएसएफनेट या सरकारी खर्चाच्या जाळ्यावर शिक्षण आणि संशोधनाशिवाय दुसरे काही चालणार नाही, असा नियम होता. करदात्यांच्या तारेवर कोणी धंदा करू नये, हा त्याचा हेतू. १९९५ मध्ये ते जाळे बंद झाले, पण ‘मान्य वापर’ या शीर्षकाचा कागद जगभर उरला. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेले अर्नेटही शिक्षण-संशोधनापुरतेच होते. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत.

जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चे. पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगाव आणि तेव्हाचा अखंड धुळे जिल्हा त्याच्या कक्षेत आला. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा झाला आणि कक्षेतले जिल्हे तीन झाले. विद्यापीठांना एका जाळ्यात आणणारी यूजीसी-इन्फोनेट योजना २००२ अखेरची. तेव्हा वेग किलोबिटमध्ये मोजत. त्या काळात गट पाडण्याचे कारण उघड होते : एकाने गाणे उतरवायला घेतले की वाचनालयातल्या दहा जणांचे शोधनिबंध अडत. म्हणून विद्यार्थ्यांच्या गटाला व्हिडिओ बंद, कार्यालयाला दिवसा प्राधान्य, मोठ्या फाइली रात्री. हे रेशनिंग होते आणि त्यावर फारसा वाद नव्हता.

२००९ मध्ये केंद्राने माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. विद्यापीठांना एक गिगाबिटची जोडणी आणि महाविद्यालयांना ५१२ केबीपीएसच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या, अशी त्याची रचना होती. २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली. पाइप रुंद झाला, पण जुने नियम फायरवॉलमध्ये तसेच राहिले. त्यातून एक विसंगती निर्माण झाली. आयआयटींच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल व्याख्याने यूट्यूबवर होती, तर यूट्यूब बंद होते. सरकारच्याच पैशाने तयार झालेला अभ्यासक्रम सरकारच्याच पैशाने घेतलेल्या जोडणीवर उघडत नसे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हा नियम बहुतेक ठिकाणी गुपचूप निघाला. तो काढल्याची नोंद किती धोरणांत सापडेल, याबद्दल शंका वाटते.

त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले होते. विद्यार्थ्याच्या खिशात रोजचा एक जीबी आला आणि संस्थेच्या नेटवर्कवर साइट बंद करण्याचा अर्थच बदलला. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू करायला दोन सेकंद लागतात. नियंत्रणाचा जुना आधार म्हणजे टंचाई आणि मक्तेदारी. वर्षा-दोन वर्षांत दोन्ही गेल्या. तरीही धोरणांची भाषा बदलली नाही, कारण तोवर त्यांना दुसरा आधार मिळाला होता.

दुसरा आधार : पोलीस आणि कायदा

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला. त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरी लागला. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वाय-फाय उघडे होते आणि ते भलत्याच कोणी वापरले होते. पुढच्याच महिन्यात तसाच एक मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यावरून गेला. महाराष्ट्रातल्या संस्थाचालकांच्या मनात ‘आपल्या नेटवर्कवरून कोणी काही केले तर?’ हा प्रश्न या प्रकरणांनी कायमचा बसवला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायवर ओळख पटवूनच प्रवेश द्यावा, अशा सूचना काढल्या. आजचे ओटीपीचे पान हे त्याच सूचनांचे अपत्य.

एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम आले : ओळखपत्र पाहा, नोंदवही ठेवा, पाहिलेल्या साइटच्या नोंदी वर्षभर जपा, कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत. एमएस-सीआयटीच्या लाटेत तालुक्या-तालुक्यात उभे राहिलेले कॅफे आज जवळजवळ संपले आहेत. उरलेल्यांत ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्स चालते. नियम कायम आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आणखी व्यापक निर्देश दिले : यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस भारतातच जपा, घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवा, सायबर घटना सहा तासांत कळवा.

हे निर्देश सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांना लागू आहेत. शिक्षणसंस्था चालवणारा धर्मादाय न्यास यांत कुठे बसतो? माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ‘मध्यस्थ’ या व्याख्येत इंटरनेट पुरवठादार आहेत, सायबर कॅफे आहेत. महाविद्यालयाचे नाव नाही. बहुतेक संस्था आपण मध्यस्थच आहोत असे धरून चालतात, कारण तसे न धरणे जोखमीचे. कायद्याचे काही जाणकार याला अतिसावधपणा म्हणतात. न्यायालयासमोर हा मुद्दा नेमकेपणाने आला तरच तो सुटेल.

नोंद ठेवणेही वाटते तितके सोपे नाही. पुरवठादाराकडून मिळालेल्या एका सार्वजनिक पत्त्यामागे पाचशे मोबाइल असतात. पोलिसांनी तो पत्ता आणि वेळ दिली तर त्या क्षणी त्यामागे नेमका कोण होता हे सांगायला लॉगिनचे नाव, आतला पत्ता, बाहेर पडतानाचा पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ एवढे सगळे लागते. घड्याळ सात मिनिटे मागे असेल तर नोंद भलत्याच मुलाकडे बोट दाखवते. २०१९-२० नंतरचे मोबाइल आपला हार्डवेअर पत्ताही प्रत्येक जाळ्यावर बदलून सांगतात, त्यामुळे ‘मॅक बांधून टाकला’ या जुन्या उपायावर आता विसंबता येत नाही.

कोण काय म्हणते

सर्वांत कडक आणि सर्वांत सुस्पष्ट भूमिका बँकांची आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. तिच्यात शाखेतल्या इंटरनेटबद्दल संदिग्धता ठेवलेली नाही : वापरायचेच असेल तर ठरवून दिलेल्या स्वतंत्र संगणकावर वापरा, रोजच्या व्यवहाराच्या यंत्रणेपासून पूर्ण अलग. कर्मचाऱ्याच्या संगणकावर प्रशासकाचे अधिकारही नकोत. सहकारी बँकांचे जाळे दाट असलेल्या जळगावसारख्या जिल्ह्यात हा कागद दूरचा नाही. तपासणीत त्याबद्दल विचारले जाते. ‘आधी सगळे बंद, मग लागेल तेवढे उघडा’ ही भूमिका इथे शोभते, कारण काउंटरवरच्या कामाला मोकळे इंटरनेट लागतच नाही.

रुग्णालये याच भूमिकेकडे झुकू लागली आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची यंत्रणा खंडणीखोरांनी बंद पाडली, तेव्हा नेटवर्कचे विभाजन नीट नव्हते, असे सरकारनेच संसदेत सांगितले. ओपीडीच्या नोंदणीचा संगणक, प्रयोगशाळेचे यंत्र आणि निवासी डॉक्टरांचे मोबाइल एकाच सपाट जाळ्यावर असले की एका मेलमधून सगळे जाते. वैद्यकीय महाविद्यालयाची अडचण अशी, की एकाच आवारात रुग्णालयही असते आणि कॉलेजही. पहिल्याला बँकेची शिस्त हवी, दुसऱ्याला विद्यापीठाची मोकळीक.

मोकळिकीची बाजू मांडणारे मुख्यतः संशोधक, शिक्षक आणि ग्रंथपाल आहेत. गाळणी नको असे ते म्हणत नाहीत. गाळणी चुकते आणि चुकल्याचे कोणाला कळतही नाही, हा त्यांचा मुद्दा. स्तनाच्या कर्करोगाची माहिती किंवा लैंगिक शिक्षणाचे पान अश्लील ठरल्याची उदाहरणे जगभर आहेत. मराठी वाचकासाठी याला आणखी एक पदर आहे आणि तो फारसा चर्चेत येत नाही. फायरवॉल कंपन्या जगातल्या साइटचे वर्ग पाडून त्याची यादी विकतात. इंग्रजी साइटना वर्ग मिळतो. गावच्या इतिहासाची, अहिराणी गाण्यांची किंवा एखाद्या शेतकरी गटाची छोटी मराठी साइट मात्र ‘अवर्गीकृत’ या खान्यात पडू शकते. सावधगिरी म्हणून तो खानाच बंद ठेवला, तर परदेशी दैनिक उघडेल आणि शेजारच्या तालुक्याचे पान अडेल.

तिसरी बाजू वाटपवाल्यांची. काय पाहायचे हा प्रत्येकाचा प्रश्न. आम्ही फक्त किती ते ठरवू, असे ते म्हणतात. दिवसाला अमुक जीबी, मग वेग कमी. यात नैतिक निवाडा करावा लागत नाही, म्हणून नेटवर्क सांभाळणाऱ्यांना ती आवडते. आक्षेप एवढाच, की कोटा बहुधा हुद्द्याप्रमाणे ठरतो. प्राचार्यांना अमर्याद आणि शोधप्रबंधासाठी मोठा डेटा उतरवणाऱ्या विद्यार्थिनीला एक जीबी, ही भूमिकेनुसार वाटणी नव्हे. ही मानपानाची वाटणी झाली.

पालकत्वाच्या भूमिकेला कमी लेखून चालणार नाही. २००७ मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतले इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद केले, तेव्हा मुले जागरणे करतात, तासांना येत नाहीत, एकलकोंडी होतात अशी कारणे दिली होती. साक्री, अक्कलकुवा, यावल, चोपड्याच्या खेड्यांतून मुलींना प्रथमच शिकायला बाहेर पाठवणारे आईवडील रेक्टरला ‘लक्ष ठेवा’ असे सांगतात ते मनापासून सांगतात. अमेरिकेने २००० मध्ये मुलांच्या संरक्षणासाठी कायदा करून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळा आणि वाचनालयांना गाळणी सक्तीची केली आणि २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वाचनालयांबाबत तो वैध ठरवला. त्या निकालात एक गोष्ट महत्त्वाची मानली गेली : प्रौढ वाचकाने ग्रंथपालाला सांगितले की गाळणी काढून मिळते. आपल्याकडे साइट बंद करण्याचे अधिकार सगळ्यांना ठाऊक असतात. ती उघडून मागण्याचा अर्ज कुठे करायचा, हे बहुतेक धोरणांत लिहिलेलेच नसते. सगळ्या बाजूंना मान्य होईल अशी आणि पैसा न लागणारी सुधारणा शोधायची तर ती इथे आहे.

गटाची रेषा कुठे ओढायची

संगणकशास्त्राचे उत्तर ‘कामाप्रमाणे’ असे आहे. प्रत्यक्षात रेषा तीन-चार वेगळ्या कसोट्यांवर पडतात : हुद्दा, इमारत, वर्ष आणि लिंग. शेवटची कसोटी अवघड आहे. मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांना वेगळ्या वेळा लावल्या तर तांत्रिकदृष्ट्या ते दोन साधे गट असतात. घटनेच्या दृष्टीने तो भेदभाव ठरू शकतो. केरळमधल्या फहिमा शिरीन प्रकरणात हा प्रश्न न्यायालयात गेला. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल बंद, असा नियम होता. तो न मानणाऱ्या विद्यार्थिनीला काढून टाकले गेले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितले आणि इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण त्यातला युक्तिवाद इथेही मांडता येतो.

दुसरी रेषा वयाची आणि खानदेशात ती विशेष लागू आहे. इथल्या अनेक आवारांत अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग एकाच छताखाली भरतात. वाय-फाय एकच. म्हणजे सोळा वर्षांची मुलगी आणि बावीस वर्षांचा पदव्युत्तर विद्यार्थी फायरवॉलच्या लेखी ‘विद्यार्थी’ या एकाच गटात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठराखालील व्यक्ती बालक आहे आणि बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवायला त्यात मनाई आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती सवलत नियमांनी दिली आहे. ही सवलत घ्यायची तरी कोण अठराखाली आहे हे नेटवर्कला कळायला हवे. म्हणजे आणखी एक गट. तो केलेली संस्था या लेखकाच्या पाहण्यात नाही.

शाळांची स्थिती निराळी आहे. धुळे जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या वर शाळा २०१७ च्या सुमारास लोकवर्गणीच्या मोठ्या आधाराने ‘डिजिटल’ झाल्या आणि राज्यातला पहिला असा जिल्हा म्हणून धुळ्याचे नाव झाले. पण तिथले डिजिटल म्हणजे प्रोजेक्टर किंवा पडदा आणि आधी भरून ठेवलेला अभ्यासक्रम. जोडणी लागलीच तर गुरुजींच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. तिथे युजर गट एकच, आणि धोरण म्हणजे गुरुजी.

पाकीट बंद झाले

२०१३ नंतर जगातल्या बहुतेक साइट सांकेतिक रूपात बोलू लागल्या. फायरवॉलला आता पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. यूट्यूबवर मुलगा एनपीटीईएल पाहतो आहे की क्रिकेट, हे तिला सांगता येत नाही. यावर दोन मार्ग आहेत आणि दोन्हींवर मतभेद आहेत. एक, प्रत्येक उपकरणावर संस्थेचे प्रमाणपत्र बसवून वाटेत पाकीट फोडणे. संस्थेच्या मालकीच्या संगणकांवर, विशेषतः बँकेत, ते समर्थनीय मानले जाते. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर तसे केले तर त्याचा बँकेचा पासवर्डही संस्थेच्या यंत्रातून उघडा जातो. सुरक्षातज्ज्ञांतले बहुमत याच्या विरोधात आहे. दुसरा मार्ग म्हणजे केवळ पत्त्यावर, म्हणजे साइटच्या नावावर, गाळणी लावणे. २०१८ मध्ये नावाची चौकशीही सांकेतिक करण्याचे मानक आले आणि आता पत्ताही झाकण्याचे तंत्र ब्राउझरांत येते आहे. तंत्राचा कल गाळणीच्या विरुद्ध आहे, एवढे म्हणता येईल.

म्हणूनच अलीकडची मांडणी ‘काय पाहिले’ वरून ‘कोण, कोणत्या उपकरणावरून, कशाला हात लावतो’ याकडे सरकली आहे. आत आहे म्हणून विश्वासू, असे कोणालाच मानू नये, या तत्त्वाचे अमेरिकी मानक २०२० मध्ये आले. विद्यार्थ्याने कोणती मालिका पाहिली याच्याशी संस्थेला कर्तव्य नाही. त्याच्या मोबाइलवरून परीक्षा विभागाच्या संगणकापर्यंत वाट असता कामा नये, याच्याशी आहे. असे गट पाडायला महागडी गाळणी लागत नाही, एकाच जाळ्याचे वेगळे भाग पाडणारी व्हीलॅनची सोय असलेला साधा स्विच पुरतो. आमच्या मते खानदेशातल्या मध्यम संस्थांनी पैसा घालायचा तर तो आधी इथे घालावा.

नोंदवही कोणी उघडायची

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. त्याच्या पुढच्याच महिन्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने बार्बुलेस्कू खटल्यात सांगितले, की मालकाने कर्मचाऱ्याच्या संदेशांवर नजर ठेवायची तर आधी स्पष्ट कल्पना द्यावी, कारण सांगावे आणि लागेल तेवढीच ठेवावी. भारताच्या २०२३ च्या कायद्यात नोकरीच्या संदर्भात मालकाला बरीच मोकळीक आहे. संस्थेचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरता येते. विद्यार्थी कर्मचारी नाही, त्यामुळे त्याला ही तरतूद लागू होत नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या नोंदी एकाच पेटीत पडतात आणि त्यांना कायदा मात्र वेगवेगळा लागू होतो.

त्या पेटीची किल्ली कोणाकडे असते? मोठ्या विद्यापीठात संगणक केंद्र असते. संलग्न महाविद्यालयात बहुतेकदा एक प्रयोगशाळा सहायक आणि वर्षाच्या करारावर येणारा एएमसीवाला. पासवर्ड दोघांना ठाऊक. एखाद्या विद्यार्थिनीने रात्री काय शोधले हे एएमसीवाल्याला दिसू शकते आणि त्याने ते पाहिले याची नोंद कुठेच होत नाही. धोरणात ‘संस्था नोंदी तपासू शकते’ असे वाक्य असते. ‘संस्था’ म्हणजे कोण, हे नसते. प्राचार्यांची लेखी परवानगी, दोन व्यक्तींची उपस्थिती आणि तपासणीचीच नोंद, एवढे तीन नियमही पुष्कळ ठिकाणी पुरेसे ठरतील.

अशा धोरणांचा उगम पाहिला तर कारण उमगते. नॅकच्या मूल्यांकनात माहिती-तंत्रज्ञान सुविधा आणि वाय-फाय याबद्दल विचारणा असते. समितीच्या भेटीआधी फाइल तयार होते, शेजारच्या संस्थेचा मसुदा नाव बदलून घेतला जातो. मसुदा इंग्रजीत असतो. ज्या गटांना तो लागू आहे त्यांतल्या शिपाई, लिपिक आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी तो वाचावा अशी अपेक्षा कोणी ठेवलेली दिसत नाही.

अजून न सुटलेले

पहिली गोष्ट, गटातून बाहेर पडणे. प्रवेशाच्या वेळी नाव चढते. शाळा सोडल्याचा दाखला देताना ते उतरवण्याची पायरी कार्यालयाच्या कार्यपद्धतीत नाही. निवृत्त प्राध्यापकाचा आयडी चालू राहतो, बदलून गेलेल्या लिपिकाचा पासवर्ड नव्याला सांगितला जातो. भूमिकेला अधिकार देण्याची १९९२ ची कल्पना याच ठिकाणी लंगडी पडते. अभ्यासकांनी तिच्या पुढची, म्हणजे वेळ, ठिकाण, उपकरण असे गुण पाहून अधिकार ठरवणारी पद्धत सुचवली आहे. पण ज्या संस्थेला प्रवेशयादी अद्ययावत ठेवता येत नाही तिला गुणांची यादी कशी ठेवता येईल, हा प्रतिप्रश्न रास्त आहे.

दुसरी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधने वापरू नका असे सांगितले. महाविद्यालयांत याच साधनांचे वर्ग चालतात. फायरवॉलच्या यादीत यांचा वर्ग कोणता धरायचा : शिक्षण, शोधयंत्र, की माहिती गळतीचा धोका? रुग्णाचा अहवाल त्यात चिकटवणारा निवासी डॉक्टर आणि त्याच साधनाकडून व्याकरण तपासून घेणारा विद्यार्थी यांना एकच नियम लावता येत नाही, हे सगळे मान्य करतात. वेगळा लावायचा कसा, यावर अजून कोणाचे समाधानकारक उत्तर नाही.

तिसरी, नेटवर्कची हद्द. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या : खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, असे त्यांत आहे. हा नियम कोणत्याही राउटरवर बसवता येत नाही. तो माणसाबरोबर घरी जातो. याचे समर्थन करणारे सेवाशर्तींचा आधार देतात, विरोधक अभिव्यक्तीचा. वापरधोरण जाळ्याला लागू असते की जाळ्यातल्या माणसाला, हा जुना वाद त्यामुळे पुन्हा उघडा झाला आहे.

आणि शेवटी मुदतींचा गुंता. सायबर कॅफेला एक वर्ष, सर्ट-इनचे १८० दिवस, नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या विदा संरक्षण नियमांत सुरक्षेसाठीच्या नोंदी एक वर्ष. आणि त्याच कायद्याचे मूळ तत्त्व असे, की हेतू संपला की माहिती पुसा. या नियमांतल्या मुख्य तरतुदी अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील. जून २०२६ मध्ये प्रवेश घेणारी अकरावीची मुले तेव्हा बारावीच्या उंबरठ्यावर असतील, म्हणजे त्यांच्या पहिल्या वर्षाच्या नोंदी जुन्या व्यवस्थेत गोळा होऊन नव्या कायद्याखाली येतील. त्यांचे काय करायचे हे ठरवायला संस्थांच्या हाती तेवढेच एक शैक्षणिक वर्ष आहे.